एकट्याच्या तीनशे नऊ धावा, आणि तरीही हार

किरनापुरहून एका वाचकबंधूंनी आम्हांस पत्र धाडले आहे. रविवारची मिस्सा आटोपून घरी परतताना आजोबा व नातू यांच्यात क्रिकेटवरून वाद जुंपला. आजोबांचे म्हणणे असे की, एका मराठी ख्रिस्ती खेळाडूने एकदा संघाच्या एकूण ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या, आणि तरीही त्याचा संघ हरला. नातू म्हणतो, ही भाकडकथा आहे. एकटा माणूस एवढ्या धावा काढील तर संघ हरेलच कसा? वाद घरी पोहोचला, जेवणाच्या पाटावर बसला, आणि शेवटी टपालाने आमच्याकडे आला. निकाल आम्ही द्यावा, अशी उभयतांची इच्छा आहे.

निकाल आजोबांच्या बाजूने आहे. परंतु नातवाची शंका मूर्खपणाची नाही. तिच्यातच या सगळ्या आकड्यांची मौज साठलेली आहे. म्हणून या सप्ताहात सदराची सारी जागा आम्ही याच विषयाला देत आहोत. ज्या माउलींना चेंडूफळीत रस नसेल त्यांनी हे पान मुलांच्या हाती द्यावे, आणि मुलांकडून बेरजा-भागाकार करवून घ्यावेत.

तो खेळाडू म्हणजे विजय सॅम्युएल हजारे. जन्म सांगलीस, ११ मार्च १९१५ रोजी, एका शाळाशिक्षकाच्या घरी. घराणे प्रॉटेस्टंट, आपल्या पंथाचे नव्हे. तथापि महाराष्ट्रातील ख्रिस्ती घरांतून या नावाचा अभिमान पंथभेद न पाहता बाळगला गेला, आणि तो रास्तच होता. त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन असे चार संघ पूर्वीपासून होते. १९३७ साली पाचवा आला, त्याचे नाव ‘दी रेस्ट’, म्हणजे उरलेले. ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू असे जे कोणत्याच खणात बसत नव्हते, त्या सर्वांची ही एक मोट होती. हजारे या मोटेतले.

१९४३ च्या अखेरीस ब्रेबोर्न मैदानावर अंतिम सामना पडला तो हिंदू संघाशी. हिंदूंनी ५ गडी बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला; त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५०. उत्तरादाखल उरलेल्यांचा पहिला डाव १३३ धावांत कोसळला, आणि त्यांतही ५९ हजाऱ्यांच्याच. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात पाच गडी भराभर गेले. मग हजाऱ्यांच्या जोडीस त्यांचे बंधू विवेक हजारे आले. दोघा भावांनी सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भर घातली. त्या तीनशेंत विवेकरावांच्या स्वतःच्या धावा किती? अवघ्या २१! विजयरावांनी एकूण ३०९ काढल्या, संघाच्या झाल्या ३८७. म्हणजे बाकीच्या दहा जणांच्या आणि अवांतर धावा मिळून ७८. पाटी घेऊन भागाकार केला तर शंभरास ऐंशीला किंचित कमी असे प्रमाण निघते.

आता नातवाच्या शंकेचे उत्तर पाहा. १३३ आणि ३८७ मिळून ५२०. हिंदूंच्या ५८१. हार एक डाव ६१ धावांनी! दोन्ही डावांत मिळून हजाऱ्यांनी एकट्याने ३६८ काढल्या आणि तरीही प्रतिपक्षास दुसऱ्यांदा फळी हाती धरावी लागली नाही. प्रथम दर्जाच्या सामन्यातील पूर्ण झालेल्या एका डावात एकाच खेळाडूचा एवढा मोठा वाटा त्यापूर्वी कोणी उचलला नव्हता. पुढे १९७७ साली वूस्टरशायरकडून खेळताना ग्लेन टर्नर यांनी १६९ पैकी नाबाद १४१ काढल्या. ते प्रमाण शंभरात त्र्याऐंशी पडते, आणि तेव्हा हजाऱ्यांचा विक्रम मोडला.

या प्रसंगी जगाने विजयरावांची पाठ थोपटली. आम्हांस मात्र विवेकरावांच्या २१ धावांचे अधिक कौतुक वाटते. भाऊ पलीकडे चौकार मारीत असताना आपण तासन्‌तास फळी सरळ धरून चेंडू अडवीत उभे राहायचे, हात शिवशिवले तरी आवरायचे, आणि सायंकाळी आपल्या नावापुढे एकवीस लिहून घ्यायचे, हे सोपे नव्हे. ज्या घरात एक भाऊ पुढे गेला व दुसऱ्याने मागे राहून शेत सांभाळले, त्या घराला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या हंगामात हजारे व मर्चंट या दोन विजयांमध्ये जणू पैजच लागली होती. त्याच स्पर्धेत हजाऱ्यांनी मुसलमान संघाविरुद्ध २४८ काढल्या. मर्चंटांनी अंतिम सामन्यात नाबाद २५० करून त्यांना दोन धावांनी मागे टाकले. हजाऱ्यांनी त्याच सामन्यात ३०९ करून उत्तर दिले. आणि मर्चंटांनी लगेच रणजी सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ ठोकल्या. गावात दोन शेजाऱ्यांनी एकमेकांच्या गंजीपेक्षा आपली गंजी उंच रचावी तसला हा प्रकार. मात्र यात भांडण कोठेही नव्हते.

पंचरंगी सामन्यांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. धर्मावरून संघ पाडणे गांधीजींना रुचले नव्हते व १९४० साली त्यांनी ते स्पष्ट बोलून दाखविले. खेळ सुंदर होता, गर्दी अफाट होती, पण मैदानाबाहेर जे विष पसरत चालले होते त्यास या वाटणीने खतपाणीच मिळत असे. १९४६ साली ही स्पर्धा कायमची बंद झाली. ‘उरलेले’ हा संघ त्याबरोबर इतिहासजमा झाला, आणि ते चांगलेच झाले असे आमचे मत आहे. ज्या संघाचे नावच ‘उरलेले’, त्यात आपल्या मुलाचे नाव पाहून कोणत्या आईस आनंद व्हावा? त्यानंतर हजारे खेळले ते भारताचे म्हणून.

आणि तेथेही आकड्यांनी त्यांची थट्टा सोडली नाही. जानेवारी १९४८ मध्ये ॲडिलेड येथे त्यांनी एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके केली, ११६ व १४५. कोणाही भारतीयाने तोवर ही कामगिरी केली नव्हती. त्याच सामन्यात डॉन ब्रॅडमन २०१ धावांवर त्रिफळाबाद झाले, तेही हजाऱ्यांच्याच चेंडूवर. आणि निकाल? ऑस्ट्रेलियाच्या ६७४, भारताच्या ३८१ व २७७. एक डाव १६ धावांनी पराभव. ज्यांना वाटते की एक माणूस सामना जिंकून देतो, त्यांनी हे दोन सामने शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

धावफलकावर कधी काळी दिसलेला सर्वांत लाजिरवाणा आकडाही हजाऱ्यांच्याच कारकिर्दीतला. जून १९५२, इंग्लंडमधील लीड्स. भारताचा दुसरा डाव सुरू झाला आणि पहिल्या चौदा चेंडूंत चार गडी तंबूत परतले. फलकावर धाव एकही नाही. शून्यावर चार! फ्रेड ट्रूमन नावाचा एक तरुण तेथे आपली पहिलीच कसोटी खेळत होता. त्याने तिघांना टिपले. बाद झालेल्यांची नावे पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री व विजय मांजरेकर. चौघांपैकी तिघे आपले मराठी, त्यामुळे हा विक्रम दुसऱ्याच्या पदरात टाकण्याची सोय नाही. अशा वेळी कर्णधार हजारे खेळपट्टीवर आले व त्यांनी ५६ धावा काढल्या. दत्तू फडकरांनी ६४ काढल्या आणि डाव १६५ पर्यंत गेला. सामना हरला, पण लाज थोडी झाकली गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिलावहिला कसोटी विजय मिळविला होता, आणि तेव्हाही कर्णधार हजारेच होते. चार महिन्यांत एकाच माणसाने शिखर आणि दरी दोन्ही पाहिली! १९६० साली त्यांना पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोदे येथे ते निवर्तले. भारतातील एकदिवसीय सामन्यांची एक मोठी स्पर्धा त्यांच्या नावाने खेळली जाते.

बडोद्याचे नाव निघाले म्हणून आणखी एक आकडा. मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध बडोद्याचे तीन गडी ९१ धावांवर बाद झाले होते. तेथून हजारे व गुल महंमद या जोडीने ५७७ धावांची भागीदारी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. कोणत्याही गड्यासाठी जगात एवढी मोठी भागीदारी त्यापूर्वी झाली नव्हती, आणि तो विक्रम मोडण्यास २००६ साल उजाडावे लागले. तेव्हा श्रीलंकेच्या संगकारा व जयवर्धने यांनी ६२४ केल्या. चौथ्या गड्यासाठी मात्र ५७७ हाच आकडा आजही सर्वांत मोठा आहे. लाहोरात जन्मलेला एक मुसलमान आणि सांगलीत जन्मलेला एक ख्रिस्ती, हिंदुस्थानची फाळणी पाच महिन्यांवर आली असताना, एकमेकांच्या धावांसाठी अशी धावपळ करीत होते. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले आणि १९५६ साली त्या देशाकडूनही एक कसोटी खेळले.

आता दुसरा नवलाचा आकडा: ४४३.

कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. मग महाराष्ट्राने जे फळी चालविणे आरंभिले ते थांबेचना. भांडारकरांनी २०५ केल्या व निंबाळकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. तिसऱ्या दिवशी मध्यंतर झाले तेव्हा फलकावर ४ बाद ८२६ असा आकडा होता व निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा १९३० सालचा नाबाद ४५२ धावांचा जागतिक विक्रम गाठण्यास नऊ धावा उणे! दोन चौकार आणि एक धाव. मैदानावरील पोरासोरांनीही बोटे मोजली असतील.

परंतु काठेवाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकूरसाहेब. आपल्या संघाविरुद्ध जगाचा विक्रम व्हावा हे त्यांस मानवेना. डाव येथेच घोषित करा, अन्यथा आम्ही निघालो, असा त्यांनी हट्ट धरला. महाराष्ट्राने डाव घोषित केला नाही, आणि काठेवाडचा संघ खरोखरच खेळ सोडून निघून गेला. गोलंदाज नाहीत, क्षेत्ररक्षक नाहीत. नऊ धावा काढायच्या कोणाच्या चेंडूवर? ४४३ हा आकडा तेथेच गोठला. पुढे १९५९ साली हनीफ महंमद ४९९ वर धावबाद झाले आणि १९९४ साली ब्रायन लारा यांनी नाबाद ५०१ केल्या. तरीही जगाच्या यादीत निंबाळकरांचे नाव चौथे आहे, आणि प्रथम दर्जाच्या सामन्यात भारतीयाने केलेल्या धावांत अद्याप पहिले. असे असून या गृहस्थांना भारताकडून एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही. ११ डिसेंबर २०१२ रोजी ते वारले. दुसऱ्याच दिवशी त्यांना त्र्याण्णव वर्षे पूर्ण व्हावयाची होती. येथेही थोडक्यात चुकले!

ठाकूरसाहेबांचा आम्हांस राग येतो, पण थोडा विचारही येतो. ५८८ धावांनी मागे पडलेल्या संघास उन्हात आणखी चेंडू टाकावयास लावणे कोणास गोड वाटेल? तरीपण हरणाऱ्यानेही शेवटपर्यंत मैदानावर उभे राहावे, ही खेळाची रीत आहे. विवेक हजारे एकवीस धावांसाठी उभे राहिले, आणि येथे राजेसाहेबांना नऊ धावांपुरतेही उभे राहवले नाही.

त्याच हंगामात, मार्च १९४९ मध्ये, त्याच पुण्यात मुंबई व महाराष्ट्र यांच्यात रणजीचा उपान्त्य सामना झाला. सात दिवस चालला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. बेरीज २३७६, शतके नऊ. प्रथम दर्जाच्या एका सामन्यात यापेक्षा अधिक धावा जगात कोठेही झालेल्या नाहीत. महाराष्ट्राने दोन डावांत १०११ धावा काढल्या, आणि सामना ३५४ धावांनी गमावला. नातवाने हाही आकडा आपल्या वहीत उतरून घ्यावा. गोलंदाजांविषयी काय लिहावे? त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, एवढेच सुचते.

किरनापुरचे वाचक म्हणतील, पुण्यामुंबईचेच कौतुक किती करायचे? बालाघाट जिल्हा मध्यप्रदेशात, आणि आपल्या प्रदेशाची पाटी काही कोरी नाही. १९४५-४६ साली इंदूरास होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. त्या एका डावात सहा जणांनी शतके ठोकली: भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि आर. पी. सिंग १००. सहा शतके एका डावात, असे जगात दुसरीकडे घडलेले नाही. रणजी स्पर्धेत ही धावसंख्या जवळजवळ अर्धशतक अजिंक्य राहिली. १९९३-९४ साली हैदराबादने ६ बाद ९४४ करून ती मागे टाकली. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की भांडारकर व निंबाळकर ही जोडी तेथेही होती. होळकर महाराजांनी मोती वेचावेत तसे चहूकडचे खेळाडू वेचून इंदूरास आणले होते.

त्या सहांतील चंदू सरवटे तर जन्माने सागरचे. त्यांची एक गोष्ट आम्हांस सर्वांत प्रिय आहे. १९४६ च्या मे महिन्यात भारताचा संघ लंडनच्या ओव्हल मैदानावर सरेविरुद्ध खेळत होता. ९ बाद २०५. सर्वांनी आवराआवर आरंभिली असेल. दहाव्या क्रमांकाचे सरवटे आणि शेवटचे, अकराव्या क्रमांकाचे शुटे बॅनर्जी. दोघांचे खरे काम गोलंदाजीचे. पण ही जोडी फुटेना. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. शेवटच्या गड्यासाठी २४९ धावांची भर, आणि डाव संपला ४५४ वर. दहाव्या आणि अकराव्या खेळाडूने एकाच डावात शतक करावे, हे प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्यापूर्वी कधी घडले नव्हते. सरवटे पेशाने बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते, त्यामुळे सरेच्या गोलंदाजांचे हात त्यांनी बरोबर ओळखले, असा विनोद कोणी केल्यास आम्ही तो खपवून घेऊ.

आणि नागपूर तर आपल्याला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. १९५६ पर्यंत तेच आपल्या प्रांताची राजधानी होते. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू तेथेच १८९५ साली जन्मले. १९२६ साली मुंबईच्या जिमखान्यावर एम. सी. सी. विरुद्ध त्यांनी १५३ धावा केल्या, त्यांत अकरा षटकार होते. त्यांचा पहिला प्रथम दर्जाचा सामना १९१६ सालचा आणि शेवटचा १९६३ सालचा. वय तेव्हा अडुसष्ट. मुलाचा मुलगा खेळू लागेपर्यंत आजोबा मैदानावरच! किरनापुरच्या आजोबांनी हा दाखला नातवास अवश्य ऐकवावा.

येथवर धावांची श्रीमंती झाली. आता थोडी कंजुषी पाहू. नाशिकचे बापू नाडकर्णी. जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध कसोटी. बापूंनी टाकलेली षटके ३२, त्यांपैकी निर्धाव २७, दिलेल्या धावा ५, बळी एकही नाही. मधली सलग एकवीस षटके निर्धाव. एका षटकाचे सहा चेंडू, म्हणजे १२६. त्यांना लागून आणखी पाच चेंडू, असे सलग १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. यात एक बारकावा आहे व तो ध्यानी घेण्याजोगा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्ड यांनी १९५७ साली डरबन येथे सलग १३७ चेंडू धाव न देता टाकले होते. मग विक्रम कोणाचा? चेंडू मोजाल तर टेफील्डचा, षटके मोजाल तर बापूंचा; कारण तेथे तेव्हा आठ चेंडूंचे षटक असे. एकच धान्य पायलीने मोजले तर एकाचे अधिक, कुडवाने मोजले तर दुसऱ्याचे!

बापूंच्या पदरी त्या मालिकेत आणखी एक नवल पडले. कानपूरच्या कसोटीत त्यांनी फलंदाजी केली ती नाबाद ५२ आणि नाबाद १२२. दोन डाव, १७४ धावा, आणि बाद एकदाही नाही. मग त्या सामन्यातील त्यांची सरासरी किती, असे कोणी विचारील. शून्याने भागता येत नाही, हे गुरुजींनी शाळेत सांगितलेच आहे.

सरासरीची ही गंमत मुलांनी नीट समजून घ्यावी. धावांना डावांनी भागीत नाहीत, बाद होण्याच्या संख्येने भागतात. त्यामुळे काय होते पाहा. १९५३ साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्यांतील बिल जॉन्स्टन हे गोलंदाज. फळीशी त्यांचे फारसे सख्य नव्हते. ते सतरा डाव खेळले, सोळा वेळा नाबाद राहिले, एकदा बाद झाले. धावा एकूण १०२. भागिले एक. सरासरी १०२! कागदावर ते त्या दौऱ्यातील सर्वांत थोर फलंदाज ठरले. उलट खरोखरीच थोर असलेल्या ब्रॅडमन यांना १९४८ साली आपल्या शेवटच्या कसोटी डावात फक्त चार धावा हव्या होत्या, म्हणजे आयुष्याची सरासरी बरोबर शंभर झाली असती. एरिक हॉलीज यांच्या दुसऱ्या चेंडूवर ते शून्यावर त्रिफळाबाद झाले. ६९९६ धावा, सत्तर वेळा बाद, भागाकार ९९.९४. शंभर झाले असते तर लोक कदाचित विसरलेही असते. ९९.९४ कोणी विसरत नाही.

आकडे थोरांचीही खोडी काढतात, याची दोन उदाहरणे मुंबईची. सुनील गावसकरांनी १९७५ च्या पहिल्या विश्वचषकात लॉर्ड्सवर साठ षटके संपेपर्यंत फळी धरली आणि नाबाद ३६ केल्या, १७४ चेंडूंत. इंग्लंडच्या ३३४ होत्या, आपल्या ३ बाद १३२. त्याच लॉर्ड्सवर कसोटी शतक गावसकरांना कधी साधले नाही, सचिन तेंडुलकरांनाही नाही. दिलीप वेंगसरकरांनी तेथे तीन केली. आणि २००२ साली तेथे नाबाद १०९ कोणी काढल्या? गोलंदाज अजित आगरकरांनी!

हे वेड केवळ क्रिकेटचे नव्हे. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. तेथेही चेंडू, तेथेही फळी, पण फळी गोल सोट्यासारखी. त्या खेळाचे आकडे मांडण्याची रीत ज्यांनी घालून दिली ते हेन्री चॅडविक मूळचे इंग्लंडचे, आणि आरंभी वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटचे वृत्तांत लिहीत असत. म्हणजे ती वहीदेखील आपल्याच वहीची धाकटी बहीण. तेथील एक आकडा आमच्या वाचकांस विशेष रुचेल. सेंट लुई कार्डिनल्स या संघात स्टॅन म्युझियल नावाचे पोलिश वंशाचे, मोठे भाविक कॅथलिक खेळाडू होते. (संघाचे नाव लाल रंगावरून पडले आहे, धर्मसभेच्या कार्डिनल महाशयांचा त्याच्याशी काही संबंध नाही.) १९४१ ते १९६३ या कारकिर्दीत त्यांनी ३६३० वेळा यशस्वी टोला मारला. त्यांपैकी आपल्या गावच्या मैदानावर १८१५ आणि परगावी १८१५. ठरवून करू म्हटले तरी जमायचे नाही.

आता अलीकडचा एक आकडा, कारण मुले तो विचारणारच. जानेवारी २०१६ मध्ये कल्याण येथे शाळांच्या सामन्यात प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ सालचा इंग्लंडमधील कॉलिन्स या शाळकरी मुलाचा नाबाद ६२८ चा विक्रम त्याने मोडला. संघाच्या ३ बाद १४६५. पराक्रम खराच. परंतु प्रतिपक्षाचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले, हे सांगितल्याविना तो आकडा पुरा होत नाही, असे आम्हांस वाटते. त्या दुसऱ्या शाळेच्या लहानग्यांनी मात्र मैदान सोडले नाही. राजकोटच्या राजेसाहेबांपेक्षा ती पोरे शूर निघाली.

धानाची कापणी होऊन शेते मोकळी झाली की आपल्या खेड्यांतून चेंडू-फळी निघतेच. फळी आणि चेंडूसाठी वर्गणी निघते. वही कोणी आणीत नाही, आणि सायंकाळी धावांवरून भांडण होते. तेव्हा संघांनी प्रथम एक शंभर पानी वही घ्यावी, आणि ती अशा मुलाच्या हाती द्यावी की जो आपल्या सख्ख्या भावाच्या नावापुढेही शून्य लिहावयास कचरणार नाही. प्रत्येक चेंडू टाकताच मांडावा, मागाहून आठवून नव्हे. धाव नसेल तेथे टिंब द्यावे. फळीस न लागता निघालेली धाव फलंदाजाच्या नावे लिहू नये, अवांतर म्हणून निराळी ठेवावी. निम्मी भांडणे याच धावांची असतात. षटक संपले की दोन्ही बाजूंच्या बेरजा ताडून पाहाव्यात, म्हणजे चूक तेथल्या तेथे सापडते.

आणि वही भरली म्हणजे पुढील हिशेब करून पाहावा. समजा, हंगामाच्या शेवटच्या सामन्यापूर्वी दोन गोलंदाजांनी प्रत्येकी २० गडी बाद केले आहेत आणि प्रत्येकी १०० धावा दिल्या आहेत. म्हणजे दोघांचीही सरासरी एका गड्यास पाच धावा. शेवटच्या सामन्यात पहिल्याने ४४ धावांत ४ गडी घेतले; दुसऱ्याने २६ धावांत एकच घेतला. पहिल्याने तर गड्यामागे अकराच धावा दिल्या, दुसऱ्याने सव्वीस. तेव्हा उत्तम सरासरीचे बक्षीस पहिल्यालाच, असे सारे गाव म्हणेल. आजोबांनी व नातवाने दोघांचे गडी आणि धावा वेगवेगळ्या बेरजून पाटीवर भागाकार करावा, आणि बक्षीस कोणास द्यावे ते आम्हांस कळवावे.